डाग कशाचा, ते आधी ओळखा

रमजान ईद दोन दिवसांवर आली होती आणि आम्ही खालाला भेटायला खुटबावला गेलो होतो. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसले की यवतनंतर खुटबाव येते, त्याच्यापुढे केडगाव. स्टेशनावर उतरले की दोन्ही बाजूंना ऊस, आणि जवळपास गुऱ्हाळ चालू असेल तर वाऱ्यावर तापल्या रसाचा वास. खालाच्या घरी ईदची साफसफाई चालली होती. गाद्या उन्हात पडलेल्या, भांडी अंगणात मांडलेली. सून न्हाणीघरात शिरून फरशी घासत होती.

असरची नमाज झाली असेल नसेल, तोच आतून खोकल्याचा आवाज आला. साधा खोकला नव्हता, श्वास अडकल्यासारखा. खाला ओरडली, "पैले भार निकल गे!" सून बाहेर आली ती डोळे चोळत, ओढणी तोंडावर धरून. तिच्यामागे दारातून उग्र, झोंबणारा वास आला. तो आमच्याही घशाला लागला.

झाले होते ते असे. फरशीवरचे पांढरे थर आधी संडास धुण्याच्या ॲसिडने जाईनात. मग तिला आठवले, पाण्याच्या टाकीत टाकायला आणलेली टीसीएल पावडर डब्यात आहे. एकाने जात नाही तर दोघांनी जाईल, या हिशेबाने तिने ॲसिडवरच पावडर टाकली. न्हाणीघराची खिडकी बंद होती.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यावर ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि फरशी घासणारी बाई तर जमिनीलगतच बसलेली असते. नुसत्या ॲसिडनेच होते असे नाही. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ब्लीचमध्ये पडला तरी हाच वायू थोड्या प्रमाणात निघतो. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव ब्लीचमध्ये मिसळले तर वायू वेगळा निघतो, पण तोही छातीला तितकाच वाईट.

आम्ही तिला अंगणात मोकळ्या हवेत बसवले, डोळ्यांवर बराच वेळ साधे पाणी सोडले. न्हाणीघरात परत कुणी गेले नाही, कारण "आत जाऊन पाणी ओतते" म्हणणारी दुसरी बाई तिथेच पडायची. दार उघडे टाकून सगळे लांब झाले. रोजा आहे म्हणून सून पाण्याचा घोट घ्यायला तयार नव्हती. खालाने तिला सरळ सांगितले की आजाऱ्याला अल्लाहने सवलत दिली आहे, रोजा नंतर कजा करता येईल. खोकला थांबेना म्हणून तिला दवाखान्यात नेले. क्लोरीन छातीत गेल्यावर कधीकधी त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून बरे वाटले तरी एकदा दाखवून यावेच. अल्हमदुलिल्लाह, दुसऱ्या दिवशी ती घरी होती.

त्या रात्री झोप लागली नाही आणि मनात एकच गोष्ट घोळत राहिली. सुनेची चूक आळसाची नव्हती, मेहनतीचीच होती. डाग कशाचा आहे हे न पाहता ती त्याच्याशी भांडायला गेली. आपण सगळ्याच हे करतो. जो डाग दिसेल त्यावर घरात असेल ते सगळे एकामागून एक ओततो, आणि मग म्हणतो, डाग हट्टी आहे. पुष्कळदा डाग हट्टी नसतोच. आपण चुकीची वस्तू लावून त्याला हट्टी केलेला असतो.

त्या न्हाणीतल्या पांढऱ्या थराचेच घ्या. तो मळ नव्हता. खुटबावच्या बाजूला शेतीला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते, पण घरात वापरायला बहुतेकांकडे विहीर किंवा बोअर. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात या जडपणाची चांगली मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाणी वाळले की चुना मागे राहतो. बादलीच्या काठावर, नळावर, पाणी तापवायच्या बंबात, हीटरच्या कांडीवर तोच थर. चुन्यावर साबण काही करत नाही आणि ब्लीच तर अजिबात नाही. ब्लीचने रंग जातो, चुना जात नाही. चुन्याला आंबट लागते, तेही सौम्य. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळते, त्याचे दोन चमचे लिटरभर गरम पाण्यात घालून बंबात किंवा किटलीत तासभर ठेवा, थर सुटून येतो. नळाच्या तोंडाला व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके गुंडाळून तासभर ठेवा आणि मग धुऊन टाका. गावातल्या मस्जिदीच्या वजूखान्यातले नळ असेच पांढरे झालेले असतात. ईदच्या आधी पोरांना हे काम दिले तर ती आनंदाने करतात.

पण खालाच्या न्हाणीची फरशी शहाबादी, आणि इथेच खरी गोम आहे. शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. थरातला चुना आणि दगडातला चुना यात ॲसिड भेद करत नाही. फरशीवर ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो, तो पाहून आपल्याला वाटते की डाग निघतोय. तो फेस फरशीचाच असतो. दरवर्षी ईदला ॲसिड टाकत गेलात तर दगड खरखरीत होतो आणि खरखरीत दगडात मळ आणखी बसतो, मग पुढच्या वर्षी आणखी ॲसिड. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहा. बारीक बुडबुडे आले तर त्या दगडाला आंबट लावायचे नाही. तिथे खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट, भांड्याचा साबण आणि प्लास्टिकचा ब्रश एवढेच. थर जाड असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने हलके खरवडा. कडप्प्यावर तेल सांडले तर ज्वारीचे पीठ किंवा खडूची पूड जाड पसरून रात्रभर ठेवा, तेल ओढून घेते.

जाता जाता एक सांगतो. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून मोठा फेस दाखवतात. फेस झकास दिसतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरते मिठासारखे पाणी. मोरीच्या जाळीत अडकलेला कचरा हलवायला तो फेस थोडा कामी येतो. डागावर मात्र सोडा लावायचा तर सोडाच लावा, आंबट लावायचे तर आंबटच.

आता कपड्यांकडे येऊ. जड पाण्यात साबण फेस धरत नाही, उलट त्याचे चिकट पीठ होऊन कपड्यात बसते. पांढरे कुर्ते आणि टोप्या राखाडी-पिवळट होतात ते यामुळे. बाई साबण बदलते, घासणे वाढवते, कॉलर विरते. बादलीत साबणाच्या आधी एक-दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. तो चुन्याला पकडतो आणि मग साबण आपले काम करतो. हाताला मोजे घाला. रेशमी आणि लोकरी कपड्यांना सोडा लावू नका. खाला तर पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप लावते आणि चांगल्या ओढण्या त्या पाण्यात धुते. पावसाच्या पाण्यात चुना नसतो, म्हणून तिच्या ओढण्या दहा-दहा वर्षे टिकल्या आहेत. घामाने पिवळ्या पडलेल्या टोपीला ब्लीच लावण्याचा मोह होतो, पण घामावर ब्लीच लावले की पिवळेपणा वाढू शकतो. कोमट पाण्यात सोडा आणि साबण घालून रात्रभर भिजवा. नीळ घालणाऱ्यांनी घालावी, पण निळीने पिवळेपणा झाकला जातो, निघत नाही.

रक्ताचा डाग ही आपल्या घरातली मोठी गोष्ट. बकरीदला कुर्बानीच्या वेळी पुरुषांचे कपडे भरतात आणि ते सगळे गरम पाण्यात टाकायची घाई होते. अंडे गरम पाण्यात घट्ट होते ना, तसेच रक्त होते. एकदा गरम पाणी लागले की ते धाग्यात शिजून बसते. रक्ताला थंड पाणी, लवकरात लवकर. वाहत्या पाण्याखाली मागच्या बाजूने धरा, मग मीठ घातलेल्या थंड पाण्यात अर्धा तास ठेवा, मग साबण. चरबीचे डाग त्याच कपड्यावर असतील तर ते नंतर, रक्त पूर्ण निघाल्यावर, भांड्याचा साबण आणि कोमट पाण्याने. दुधाचा आणि दुधाच्या चहाचा नियमही असाच, आधी थंड आणि मग साबण. सुती पांढऱ्या दस्तरखानावर कोरा चहा सांडला असेल तर मात्र उलटे. कापड पातेल्यावर ताणून धरा आणि उकळते पाणी वरून डागावर सोडा. चहाचा रंग गरम पाण्याला सोडून जातो. कपात बसलेली चहाची तपकिरी कड खाण्याच्या सोड्याने घासली की जाते.

हळदीने तर घरोघरी रडवले आहे. बिर्याणीचा हात पांढऱ्या कुर्त्याला लागला, बाईने साबण लावला आणि डाग एकदम लाल झाला. घाबरू नका. हळदीला खार लागला की ती लाल होते, हळद-चुन्याचे कुंकू होते ते याच गुणामुळे. साबण धुऊन टाकून वर लिंबू चोळले की पुन्हा पिवळी होते. डाग मात्र साबणाने थोडा जातो आणि उन्हाने पुष्कळ. हळदीचा रंग उन्हात तुटतो. साबणाने धुऊन ओलाच कपडा कडक उन्हात टाका, वाळला की पुन्हा ओला करा. दोन-तीन दिवसांत डाग फिका होत होत निघून जातो. पिवळे पडलेले प्लास्टिकचे डबेसुद्धा उन्हात ठेवले की साफ होतात. दौंडच्या उन्हाला आपण नावे ठेवतो, पण या कामाला त्याच्यासारखा नोकर नाही.

तेल-तुपाच्या डागावर पहिल्यांदा पाणी घालू नये. पीठ किंवा टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा, झटका, मग भांड्याचा साबण बोटाने चोळा आणि कोमट पाण्याने धुवा. अत्तराचा डाग हा तेलाचाच डाग. जुम्म्याला अत्तर कपड्यावर चोळण्याऐवजी मनगटावर लावले तर कुर्ता वाचतो. सुरमा आणि काजळ मात्र वेगळेच. सुरमा ही खनिजाची बारीक पूड आणि काजळ ही काजळी. त्या पाण्यात विरघळत नाहीत आणि चोळले की पसरतात. आधी कोरडेच झटकायचे, मग तेलाचा एक थेंब लावून टिपायचे आणि शेवटी साबण. मेंदी ताजी असेल तर वाळू द्या, खरवडून काढा आणि थंड पाणी-साबण दोन-तीनदा. रेशमावर मेंदी बसली तर ती बसली. रेशीम आणि आपली त्वचा दोन्हीवर मेंदी एकाच तऱ्हेने धरते, तिथे हात टेकावेत आणि त्या जागी एक बूटा काढून घ्यावा. निकाहच्या जोड्याला, जरीला आणि रेशमाला रिठ्यासारखे दुसरे काही नाही. आठ-दहा रिठे रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा आणि त्या पाण्यात हलक्या हाताने खळबळा.

खालाच्या घरचे दोन पुरुष गुऱ्हाळावर कामाला आहेत. त्यांचे कपडे काहिलीजवळ उडालेल्या काकवीने आणि मळीने कडक झालेले असतात. साखर ही खरे तर सगळ्यांत गरीब डाग. कोमट पाण्यात तासभर ठेवली की निघून जाते. पण तसाच कपडा इस्त्रीखाली गेला तर साखर करपते आणि मग तो तपकिरी डाग जन्माचा सोबती. इफ्तारच्या लाल सरबताचेही तसेच. लगेच थंड पाणी, आणि डाग निघाल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री नाही. उसाच्या फडात कोयत्याजवळ कपड्याला जो काळा डाग पडतो तो वेगळा. वनस्पतीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळे होते. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करत, तीच ही गोष्ट. कच्चे केळे, आवळा, डाळिंबाची साल लोखंडी विळीवर कापली की पदराला असेच डाग पडतात. त्यांना आणि कपडे वाळवायच्या तारेच्या गंजाला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, अर्ध्या तासाने धुवा, लागल्यास पुन्हा. गंजावर ब्लीच कधीच नाही. गंज त्याने पक्का होतो.

भांड्यांबद्दल थोडेच. तांब्याच्या देगी बाहेरून चिंच-मिठाने घासा, पण आतली कलई तारेच्या घासणीने खरवडू नका. कलई गेली की त्यात आंबट शिजवणे धोक्याचे. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून उकळा. जर्मनच्या पातेल्यात सोडा उकळू नका, ते काळे पडते आणि झिजते. त्यात लिंबाच्या साली किंवा चिंच उकळायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो ती. ईदनंतर खालाच्या शेजारची एक आई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी आठवीत. ट्रंकेच्या तळाशी तिची शाळेची पांढरी सलवार सापडली होती, ओली, गुंडाळलेली, डाग तपकिरी झालेला. पोरीने कुणाला न सांगता चुलीवरच्या गरम पाण्यात ती बुडवली होती. डाग गेला नाही तेव्हा आणखी गरम पाणी, आणि शेवटी लपवून ठेवली. दिवस संपल्यावर तिने गुसल केले होते, तरी नमाज सोडली होती. का, तर "कपडे नापाक आहेत, निघत नाहीत." तिच्याकडे सलवारीचे दोनच जोड होते. शाळेलाही ती दोन दिवस गेली नव्हती.

आम्हाला वाईट वाटले ते डागाचे नाही. तेरा वर्षांच्या पोरीला थंड पाण्याची गोष्ट कुणी सांगितली नव्हती, आणि त्याहून सोपी दुसरी गोष्टही नाही.

डाग आणि नापाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळद, चहा, तेल, गंज, मेंदी यांचा डाग कितीही भडक असो, कपडा पाकच असतो. त्यात नमाज होते. रक्त ही नजासत खरी, पण ती पाण्याने धुऊन काढायची असते. धुतल्यावर मागे नुसता रंग राहिला आणि तो सहज जात नसेल तर कपडा पाक होतो, असे फिकहचे आलिम सांगतात. कोकणातल्या शाफई घरांत आणि इकडे देशावरच्या हनफी घरांत बारकाव्यांचा फरक आहे, तो आपापल्या आलिमांना विचारावा. हदीसमध्ये हा प्रश्न लपवलेला नाही. हजरत अस्मा (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. एका स्त्रीने प्रेषितांना (सल्ल.) कपड्याला लागलेल्या हैजच्या रक्ताबद्दल विचारले आणि त्यांनी ते खरवडून, पाण्याने चोळून, धुऊन त्याच कपड्यात नमाज पढण्यास सांगितले. उम्मे कैस बिन्ते मिहसन (रजि.) यांनी हेच विचारले तेव्हा काडीने खरवडून पाणी आणि सिदरच्या पाल्याने धुण्यास सांगितले गेले, असे अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत आहे. सिदर म्हणजे आपल्या बोरीच्या कुळातले झाड. त्याचा पाला वाटून घुसळला की फेस धरतो. मय्यतीच्या गुसलच्या पाण्यात आपण बोरीची पाने घालतो ती याच परंपरेतली.

तेव्हाच्या स्त्रियांनी हा प्रश्न थेट विचारला, आणि त्यांना उत्तर मिळाले ते काडीचे, पाण्याचे, पाल्याचे. आपण मात्र आपल्या मुलींशी याबद्दल बोलत नाही आणि मुली ते कपडे ट्रंकेत, माळ्यावर, कपाटामागे दडवतात. न्हाणीच्या अंधारात ओले वाळवलेले कापड पुन्हा वापरले की खाज आणि जंतूंचा त्रास होतो. उन्हात वाळलेले कापड कडक आणि स्वच्छ होते. लाज वाटत असेल तर वरून पातळ ओढणी टाका, पण दोरी उन्हातच हवी.

त्या सलवारीचे आम्ही असे केले. गरम पाण्यात शिजलेला डाग असल्याने मीठ पुरणार नव्हते. केमिस्टकडून हायड्रोजन पेरॉक्साईड आणले. बाटलीवर ६ टक्के लिहिले असेल तर त्यात तितकेच पाणी घालतात. कापड पांढरे सुती होते म्हणूनच हे केले, रंगीत असते तर आधी शिवणीत एक थेंब टाकून पाहिले असते. डागावर थेंब-थेंब सोडले, फेस आला, दहा मिनिटांनी थंड पाण्याने धुतले. असे तीनदा. प्रत्येक वेळी पोरीनेच केले. आम्ही बाजूला बसून सांगत होतो आणि खाला मध्येच येऊन "जोरात घासू नको, धागा तुटेल" म्हणत होती. मग साबण, मग खळबळून दोरीवर, अंगणात, सगळ्यांच्या कपड्यांच्या रांगेत.

संध्याकाळी सलवार वाळली तेव्हा डागाच्या जागी फिकट बदामी सावली राहिली होती, माहीत असेल त्यालाच दिसेल अशी. आईने विचारले, अजून एकदा धुवायची का. पोरीने सलवार उजेडाकडे धरून पाहिली, नको म्हणाली आणि घडी घालून दप्तरावर ठेवली. मगरिबची अजान झाली तेव्हा ती वजूला उठली.